गाण्याची ओढ, गाण्याचं काम

(एका गायनशिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर गाणं शिकवलं. त्यामुळे आजचा विषय ठरवायला मला वेळ लागला नाही. मीही गाणं शिकवतो. शिकायला मुलं येतात, त्यांच्याबरोबर आईवडील येतात, आणि चार-सहा महिन्यांनी पेटी मिटता मिटता एक प्रश्न हमखास येतो. ‘हिला फार आवड आहे हो. पण पुढे काय करायचं?’ चित्रकलेच्या, नाटकाच्या, लेखनाच्या वाटेवरच्या मुलांनाही हाच प्रश्न पडतो. त्याचं एक तयार उत्तर हल्ली सगळीकडे मिळतं: आवडीच्या मागे जा, बाकीचं आपोआप जुळून येईल.

मला हे उत्तर पटत नाही. अठरा वर्षांच्या मुलीला असं सांगणं मला निर्दयपणाचंही वाटतं. बाकीचं आपोआप जुळत नाही. ते जुळलं नाही की ती मुलगी स्वतःलाच दोष देते. आपली आवडच कमी पडली असं तिला वाटतं. आवड कमी पडलेली नसते. त्या आवडीने नेमकं करायचं काय, हे तिला कुणी विचारलेलं नसतं आणि शोधायलाही शिकवलेलं नसतं.

या प्रश्नाचा विचार मी दोन माणसांच्या आधाराने करणार आहे. दोघांचं नाव विष्णू. दोघं मराठी, काळ एकच, वेडही एकच. एक विष्णु नारायण भातखंडे, दुसरे विष्णु दिगंबर पलुस्कर. गाण्याशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे त्यांना ही नावं परीक्षेच्या पुस्तकातून माहीत असतात आणि परीक्षा झाली की ती विसरली जातात. त्यांच्याकडे कारकीर्द म्हणून पाहिलं तर खूप काही हाती लागतं.

आधी त्यांच्या वेळी गाण्याची स्थिती काय होती ते पाहू. 1880 साली पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि पांढरपेशा घरांतून पदं गुणगुणली जाऊ लागली. पण नाटकातलं पद गुणगुणणं वेगळं आणि गवयासमोर तंबोरा घेऊन बसणं वेगळं. रागदारी गाणं दरबारांच्या आश्रयाने जगत होतं. गवई म्हणजे सरदाराच्या पदरी असलेला माणूस. मैफलीत त्याला वाहवा मिळे, पंगतीत मान मिळत नसे. स्त्रिया गात होत्या, फार उत्तम गात होत्या, पण गाणाऱ्या घराण्यातली स्त्री म्हटलं की समाज तिच्यापासून अंतर ठेवून वागे. विद्या घराण्याच्या कुलपात होती. बंदिश मुलाला मिळे, जावयाला मिळे, शिष्याला सेवा करून करून कित्येक वर्षांनी मिळे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांना ती विद्या मिळवण्यासाठी आपलं गाव सोडून किती वणवण करावी लागली, हे त्यांचं चरित्र वाचताना कळतं. लिहिलेलं जवळपास काही नव्हतं. एखादा खाँसाहेब वारला की त्याच्याबरोबर काही राग, काही बंदिशी कायमच्या जात.

या परिस्थितीत गाण्याचं वेड लागलेला मुलगा काय करू शकत होता? गवई होणं, एवढी एकच वाट दिसत होती. या दोघांनी तीच वाट धरली असती तर त्यांना कुणी बोल लावला नसता.

भातखंडे यांचा जन्म 10 ऑगस्ट 1860चा, मुंबईत वाळकेश्वरचा. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, 1887 साली एल.एल.बी. झाले, काही काळ कराचीला आणि मग मुंबईत वकिली केली. घर सुखवस्तू नव्हतं, पण वकिलीने स्थैर्य दिलं. गाणं त्याच्या आधीपासून सुरू होतं. सतार शिकले, ध्रुपद शिकले, ख्याल शिकले. मुंबईत पारशी मंडळींनी चालवलेली गायन उत्तेजक मंडळी नावाची संस्था होती, 1870 साली कैखुश्रू काबराजींनी काढलेली. तिथे देशभरातले गवई-बजवय्ये येत. भातखंडे 1884च्या सुमाराला तिचे सभासद झाले आणि पुढची कितीतरी वर्षं तिथे बसून त्यांनी ऐकलं. ऐकणं म्हणजे नुसती मान डोलावणं नव्हे. कोणता गवई एका रागात कोणता स्वर घेतो, दुसरा तोच स्वर का टाळतो, तिसरा त्याच रागाला वेगळं नाव का देतो, हे ते टिपून ठेवत होते.

आणि इथे त्यांना गाण्याचं काम सापडलं. वकिलाच्या डोळ्यांना एक गोष्ट दिसली: या विद्येला लिखित आधारच नाही. जुने संस्कृत ग्रंथ आहेत, पण त्यांतले राग आज कुणी तसे गात नाही. आज जे गातात ते कुठल्या ग्रंथात नाही. दोन गवयांत वाद झाला तर निवाडा करायला काही साधन नाही. ही उणीव भरून काढायची, असं त्यांनी ठरवलं. ही उणीव गाणाऱ्यांनाही दिसत असेल, पण मैफल रंगली की तिचा विसर पडत असणार. मैफलीत स्वतः न गाणाऱ्या, पण गाणं अंगात मुरलेल्या माणसालाच ती सतत टोचत राहिली.

1900 साली त्यांची पत्नी गेली. पुढे तीन वर्षांनी एकुलती मुलगी गेली. त्यानंतरच्या त्यांच्या आयुष्याकडे पाहताना मला दरवेळी थोडा दम घ्यावा लागतो. 1904 साली ते दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा, एट्टयपुरम. एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले. ग्रंथालयांत जाऊन हस्तलिखितं पाहिली. व्यंकटमखींच्या ‘चतुर्दंडीप्रकाशिके’तली बहात्तर मेळांची योजना त्यांच्या हाती आली, आणि इतक्या विस्कळीत दिसणाऱ्या रागांना एखाद्या चौकटीत बसवता येतं, याची खात्री त्यांना तिथे पटली. पुढे नागपूर, कलकत्ता, पुरी, अलाहाबाद, काशी. प्रत्येक ठिकाणी प्रश्नांची यादी बरोबर. पंडित भेटले, उस्ताद भेटले, काहींनी मनापासून सांगितलं, काहींनी टाळाटाळ केली. भातखंडे रोजनिशी लिहीत. तीत उत्साह आहे, चिडचीडही आहे. वकिलाची उलटतपासणी करण्याची सवय त्यांच्या अंगातून गेली नव्हती आणि कित्येक कलावंतांना ती खुपली असणार, हे सहज समजतं.

बंदिशी मिळवण्यासाठी त्यांनी केलेले कष्ट तर वेगळ्याच जातीचे. जयपूरकडच्या मनरंग परंपरेतले आशिक अली आणि त्यांचे वडील महंमद अली खाँ यांच्याकडून त्यांनी शेकडो बंदिशी मिळवल्या. त्या काळात नवीनच आलेल्या फोनोग्राफवर काही मुद्रित करून घेतल्या. रामपूरला वजीर खाँकडे गेले. जो गुरू त्यांच्याहून वयाने लहान होता त्याच्यासमोरही शिष्य म्हणून बसले. 1910 साली ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ आला, चतुर पंडित या नावाने. मग ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’चे चार भाग, मराठीत, गुरु-शिष्य संवादाच्या रूपात. मग ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे सहा भाग, अठराशेच्या आसपास बंदिशी स्वरलिपीसह. स्वरलिपी त्यांनी अशी बेतली की छापखान्यातला कंपोझिटरही ती जुळवू शकेल: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब. रागाचे नियम त्याच रागात बांधलेल्या गीतातून सांगणारी लक्षणगीतं त्यांनी स्वतः रचली. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी हे दहा थाट आज सातवीतली मुलगीही घडाघडा म्हणते. ही मांडणी एका माणसाची आहे, हे तिला कुणी सांगत नाही.

या सगळ्यात त्यांनी सोडलं काय? त्यांनी मैफल सोडली. त्यांच्या गळ्यात गाणं होतं, सतारीवर हात होता. जाहीर मैफलीचा गवई होण्याची इच्छा त्यांच्या मनात कधीच आली नसेल, असं मला वाटत नाही. पण हेतू स्पष्ट झाल्यावर त्यांनी आवडीचा तो भाग बाजूला ठेवला. आणि वकिलीही सोडली, पण ती सोडण्याआधी तिने त्यांना कितीतरी वर्षं पोसलं, प्रवासाला पैसे दिले, कुणा राजाच्या मर्जीवर अवलंबून न राहण्याची मोकळीक दिली. इतरांना न रुचणारं मत छापायला ते कचरले नाहीत, ते या मोकळिकीमुळेच. नोकरी करून कला सांभाळणाऱ्या मुलांना लोक कधी कधी अर्धवट समजतात. त्यांच्यासमोर मी भातखंड्यांचं नाव ठेवतो.

आता दुसरे विष्णू.

पलुस्करांचा जन्म 18 ऑगस्ट 1872चा, कुरुंदवाडचा. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. लहानपणी नरसोबाच्या वाडीला उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि डोळे अधू झाले. शाळेचं शिक्षण जवळजवळ थांबलं. मिरजेला औषधोपचारासाठी आणलं आणि तिथे ते बाळकृष्णबुवांकडे गाणं शिकू लागले. मिरजेच्या संस्थानिकांचा आश्रय होता. नऊ-दहा वर्षं त्यांनी कसून तालीम केली. त्यांचा आवाज मोठा, गोड आणि दूरवर पोचणारा होता असं ऐकलेल्यांनी लिहून ठेवलं आहे. मिरजेतली एक गोष्ट सांगतात. एका समारंभाला पलुस्करांना आमंत्रण होतं, त्यांच्या गुरूंना नव्हतं. चौकशी केली तर कळलं की ते गवई, त्यांना कशाला बोलवायचं. ही गोष्ट त्यांच्या मनाला डागणी देऊन गेली. ती जशीच्या तशी घडली असेल किंवा सांगता सांगता तिला आकार आला असेल. पण पुढच्या आयुष्यात त्यांनी जे केलं ते पाहता हा अपमान त्यांनी कुठे ना कुठे नक्की सोसला होता.

म्हणजे पहा, गाणं तेच, काळ तोच. भातखंड्यांना दिसलं की विद्येला ग्रंथाचा आधार नाही. पलुस्करांना दिसलं की गाणाऱ्याला मान नाही आणि घराघरांत गाणं नाही. एकाच्या मनात शास्त्राची उणीव सलत होती, दुसऱ्याच्या मनात माणसाची. त्यामुळे कामंही वेगळी झाली.

1896 साली पलुस्करांनी मिरज सोडली. औंध, सातारा, बडोदा, काठेवाड करत ते उत्तरेकडे गेले. काठेवाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर गाणं केलं. आज आपल्याला यात काही नवल वाटत नाही. पण त्या काळात गवयाने सरदाराच्या दिवाणखान्यातून उठून रस्त्यावरच्या माणसाला सांगणं, की तू पैसे देऊन माझं गाणं ऐकू शकतोस, हे फार मोठं पाऊल होतं. त्याने गाणाऱ्याचा मालकच बदलला. ऐकणाराही पाहुणा राहिला नाही. आपलं तिकीट काढून बसणारा नागरिक झाला.

5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. मिरजेचा मराठी तरुण, डोळे अधू, पंजाबी बोलता न येणारा, लाहोरला गाण्याची शाळा काढतो. पहिल्या दिवसांत विद्यार्थी येत नव्हते, तेव्हा ठरलेल्या वेळी ते एकटेच तंबोरा घेऊन गात बसत, असं त्यांचे शिष्य सांगत. राजाश्रयावर न चालता लोकांच्या पैशावर चालणारी, ठरावीक वेळेची, ठरावीक अभ्यासक्रमाची, परीक्षा घेणारी शाळा त्यांना हवी होती. तिथे स्त्रियांनाही शिकवलं जाई. संस्थेत राहून शिकणाऱ्या मुलांसाठी उपदेशक वर्ग होता. राहणं-जेवण संस्थेचं, आणि शिकून बाहेर पडल्यावर गाणं शिकवण्याचा करार. ज्यांना अक्षर वाचायला त्रास व्हायचा त्या पलुस्करांनी स्वतःचा छापखाना घातला, स्वरलिपी तयार केली, पुस्तकं आणि मासिक काढलं. 1908 साली मुंबईत विद्यालय सुरू झालं. काँग्रेसच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् म्हणत. रामधून त्यांनी लोकांच्या ओठांवर बसवली.

मुंबईत सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतःची इमारत उभी राहिली. तिच्यासाठी कर्ज काढलं. कर्ज फेडायला पलुस्कर गावोगाव मैफली करत हिंडले, आणि जितके हिंडले तितकं विद्यालय त्यांच्या हातून सुटत गेलं. 1924 साली इमारतीचा लिलाव झाला. पलुस्कर नाशिकला गेले, रामनामात आणि भजनात राहिले. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेला वारले. मुलगा दत्तात्रय तेव्हा दहा वर्षांचा होता. तोच पुढे डी. व्ही. पलुस्कर म्हणून गाजला आणि पस्तिशीच्या आत गेला.

पलुस्करांची कारकीर्द अपयशी ठरली, असं कुणी म्हणेल का? ज्या साली ते गेले त्याच साली त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. 1932 साली विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात विद्यालय काढलं. ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, शंकरराव व्यास, वामनराव पाध्ये हे त्यांचेच शिष्य. बा. र. देवधरांनी मुंबईत शाळा चालवली आणि त्या शाळेत कुमार गंधर्व घडले. इमारत गेली, पण शिकवणारी माणसं घडली होती. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षा आज देशभर दिल्या जातात आणि वरच्या परीक्षांना बसणाऱ्याला भातखंड्यांची आणि पलुस्करांची, दोन्ही स्वरलिपी शिकाव्या लागतात. भातखंड्यांच्या बाजूला बडोद्याची 1916ची संगीत परिषद, ग्वाल्हेरचं माधव संगीत विद्यालय आणि 1926 साली लखनौला निघालेलं मॅरिस कॉलेज. आज ते भातखंडे यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. 1933 साली त्यांना अर्धांगवायू झाला आणि 19 सप्टेंबर 1936 रोजी ते गेले.

या दोघांच्या कामात उणिवाही होत्या, आणि त्या सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. भातखंड्यांनी ज्यांच्याकडून विद्या घेतली त्या उस्तादांबद्दल कित्येकदा कठोर आणि अन्यायकारक लिहिलं. ग्रंथ वाचता न येणाऱ्याला विद्या समजत नाही, असा त्यांचा ग्रह होता, आणि तो चुकीचा होता. दहा थाटांत सगळे राग बसत नाहीत, हे त्यांच्या हयातीतच लोकांनी दाखवून दिलं. पलुस्करांनी गाणं घरंदाज करण्याच्या भरात शृंगाराच्या बंदिशींचे शब्द बदलले, भक्तीकडे झुकवले. आणि दोघांच्याही चळवळीत गाणाऱ्या घराण्यांतल्या स्त्रियांना जागा मिळाली नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या सांभाळली त्याच बाहेर राहिल्या. हेतू फार मोठा झाला की तो ज्या कलेसाठी निघाला तिच्याच अंगावर पाय देतो, हे यातून कळतं. ध्येयवादी कलावंताने दिवसातून काही वेळ तरी नुसतं गाणं ऐकायला हवं, ध्येय बाजूला ठेवून.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. प्रत्येक कलावंताने शाळाच काढायची का, ग्रंथच लिहायचे का? नुसतं उत्तम गाणं हा हेतू पुरेसा नाही का?

पुरेसा आहे. पण तो सर्वांत महागडा आहे. अल्लादिया खाँसाहेब तरुणपणी आमलेटा संस्थानात असताना अति गाऊन त्यांचा आवाज बिघडला आणि पूर्वीसारखा पुन्हा कधीच झाला नाही. उरलेल्या आवाजात काय करता येईल, याचा त्यांनी विचार केला आणि लयीशी गुंतलेली, पेचदार, दमसासाची नवीच गायकी बांधली. पुढे कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी राहिले आणि तिथून ती गायकी महाराष्ट्रभर पसरली. तिचा सर्वांत तेजस्वी आविष्कार म्हणजे गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर. 1921 साली त्यांनी खाँसाहेबांकडे तालीम घ्यायला सुरुवात केली तेव्हा त्या तिशीच्या जवळ होत्या आणि आधी इतरांकडे शिकून झालेलं होतं. ते सगळं मागे टाकून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास तेच तेच पलटे. 1977 साली व्हॉयेजर यान अंतराळात गेलं तेव्हा त्यातल्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी होती. आवाज उतरणीला लागायच्या आत त्यांनी जाहीर मैफली थांबवल्या. गाण्यात उणं-अधिक झालेलं लोकांना ऐकू द्यायचं नाही, हा त्यांचा बाणा होता. गाणं निर्दोष ठेवणं हेच त्यांचं काम होतं आणि त्यासाठी त्यांनी ध्वनिमुद्रणं, लोकप्रियता, सोय, सगळ्यावर पाणी सोडलं. असा हेतू ज्याला झेपेल त्याने जरूर धरावा. पण ‘मला फक्त गायचंय’ असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी केसरबाईंची दिनचर्या सांगतो आणि मग विचारतो, झेपेल का?

आता एक वेगळी वाट पाहू, जिच्यात आवड आधी नव्हतीच. पलुस्कर जिथे शिकले त्या मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. तंबोरे आणि सतारी करणारी ही माणसं मूळची शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारी, हत्यारं घडवणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर राज्यं गेली, तलवारींची गरज संपली आणि धंदा बसला. त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करायला घेतली, मग घडवायला घेतली. भोपळा पारखायचा, कापायचा, तुणीचं लाकूड जोडायचं, जव्हारी लावायची. पिढीमागून पिढी हात बसत गेला, कान तयार होत गेले. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहायला आल्यावर तर त्यांच्यासारख्या कानाच्या माणसाने पसंत करावा असा तंबोरा करणं ही इथे रोजची गोष्ट झाली. पोटासाठी धरलेल्या कामातून इतकी ओढ निर्माण झाली की आज देशभरचे गवई तंबोरा घ्यायला मिरजेला येतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्यांना ‘माझी आवड काय तेच मला कळत नाही’ असं वाटतं त्या मुलांसाठी मी हे मुद्दाम सांगतो आहे. एखादं चांगलं काम हातात घ्या आणि ते नीट करा. ओढ लागायला वेळ लागतो. हात तयार झाल्याशिवाय ती लागतही नाही.

आणि याच गल्लीत आजची एक उणीव उघड्यावर पडली आहे. खिशातल्या फोनमध्ये तंबोरा आला आणि मुलांचा खऱ्या तंबोऱ्याशी संबंध तुटत चालला. चार तारा जुळवता येत नाहीत अशी विशारद झालेली मुलं मी पाहतो. जव्हारी लावणाऱ्या कारागिरांच्या मुलांना पुढे हाच व्यवसाय करावासा वाटत नाही. हे एक. दुसरं, बंदिशी आज फोनवर हजारोंनी मिळतात, पण ती बंदिश कुणाची, कुठून आली, कोणत्या ढंगाने म्हणायची, हे सांगणारी माणसं गावोगावी म्हातारी झाली आहेत आणि त्यांच्याकडे कुणी जात नाही. भजनी मंडळांतल्या जुन्या चाली, दशावतारातली पदं, कीर्तनातल्या साक्या-दिंड्यांच्या पाठांतरातल्या चाली, यांचं नीट ध्वनिमुद्रण आणि लेखन व्हायला हवं. तिसरं, शाळांत संगीतशिक्षकाची जागा असते, पण पुष्कळ ठिकाणी ती भरलेलीच नसते. चौथं, उत्तम कानाचे ध्वनिमुद्रक, संगीतावर जाणतेपणाने लिहिणारे, मैफली नेकीने भरवणारे लोक हवे आहेत. गाण्याची ओढ असलेल्या मुलाला यातलं एखादं काम दिसलं आणि त्याने ते आपलं म्हटलं, तर तो गवई झाला नाही म्हणून त्याच्या आवडीचं वाटोळं झालं असं कुणी म्हणू नये. भातखंडे गवई झाले नाहीत.

आईवडिलांना माझं एवढंच सांगणं आहे. मुलीला गाण्याचं वेड असेल तर ते उतरवायच्या किंवा वाढवायच्या मागे लागू नका. तिला घेऊन बाहेर पडा. एखाद्या म्हाताऱ्या गवयाकडे, मिरजेच्या गल्लीत, आकाशवाणीच्या ध्वनिमुद्रणकक्षात, शाळेच्या रिकाम्या संगीतवर्गात. तिला पाहू द्या की या विद्येत कुठे काय तुटलेलं आहे. जिथे तिला खरोखर वाईट वाटेल, राग येईल, तिथे तिचं काम असण्याची शक्यता मोठी. आणि पोटाची सोय आधी लावून दिलीत, तर त्यात कलेचा अपमान आहे असं मानू नका.

मुलांना सांगायचं ते असं. काम ठरलं की आवडीतला काही भाग सोडावा लागेल. कोणता सोडायचा, हे दुसऱ्या कुणी ठरवू नये. आणि कर्ज काढून इमारत बांधण्याआधी शिकवायला माणसं तयार करा. पलुस्करांच्या बाबतीत टिकलं ते हेच.

शेवटी या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. ज्यांच्या नावाने आपण दरवर्षी जमतो ते शिक्षक होते. दरवर्षी एका होतकरू मुलाला किंवा मुलीला सहा महिने एखाद्या वृद्ध कलावंताकडे किंवा कारागिराकडे राहून शिकता येईल, त्याची विद्या लिहून आणि ध्वनिमुद्रित करून ठेवता येईल, असा एक छोटा निधी त्यांच्या नावाने सुरू करावा. फार मोठी रक्कम लागणार नाही. आजचं माझं मानधन त्या निधीत पहिली रक्कम म्हणून जमा करून घ्यावं.